बांधावरचा रानपिंगळा

"बनूबाई, हा साधा पिंगळा नाही. रानपिंगळा. जगात मोजकेच उरलेत. कुणाला सांगू नका," विष्णुपंत दबक्या आवाजात म्हणाले.

बनूबाई वालाच्या शेंगा तोडत होती. "मी कुनाला सांगू, सायेब? माज्याशी बोलाय येतंय कोन?"

पंत अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब. आमचा पाडा बदलापूरच्या पुढं, बारवी धरणाच्या अंगाला. तिथं ते स्कूटरवरून कॅमेरा घेऊन यायचे. पाच वर्षं हा घुबडाच्या जातीचा पक्षी शोधत होते. तो बनूबाईच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडाच्या ढोलीत भरदिवसा सरडे घेऊन शिरायचा. तिनंच त्यांना दाखवला. नवरा गेल्यापासून बाई एकटी. भाकर खाताना त्या पिंगळ्यांच्या जोडीशी बोलायची, आम्ही शेजारी हसायचो.

पंतांनी लांब बसून फोटो काढले. एक फोटो जुन्या मित्राला पाठवला. त्या एकालाच.

रविवारी सात गाड्या आल्या. कुणी मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज वाजवला, कुणी मधे येतात म्हणून फांद्या तोडल्या. बनूबाई विळा घेऊन आडवी गेली. "आत पिल्लं हायेत. लांब व्हा." एकानं तिचाही फोटो काढला.

चार दिवसांत जोडी ढोली सोडून गेली. आत दोन पिल्लं मेली. बनूबाईनं ती बांधाच्या कडेला पुरली.

पंत आले आणि ओट्यावर मान खाली घालून बसले. "माझ्यामुळं झालं."

"हां," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

यंदा शिमग्याआधी पंत पुन्हा आले. कॅमेरा गळ्यात नव्हता, पिशवीत होता. मी तिथंच बसलो होतो.

"जोडी परत दिसली का हो कुठं?"

"नाय," बनूबाई वाल सोलता सोलता म्हणाली.

तेवढ्यात नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडावरून रानपिंगळा ओरडला. दोनदा. पंतांची बोटं पिशवीच्या चेनवर गेली. बनूबाईनं मान वर केली नाही. पंतांनी चेनवरून हात काढून घेतला. मग "बरं, येतो," म्हणाले आणि मागं न बघता स्कूटरकडं गेले.

"त्यांनी ऐकलं," मी म्हणालो.

"ऐकलं ना." बनूबाईनं पदरानं डोळे पुसले. "चांगला मानूस हाय. त्याच्याशी खोटं बोलाय लागलं बघ मला."