म्हातारीचं पोट

चितारणीनं आजवर शंभरेक देवदूत रंगवले असतील, पण स्वतःच्या लेकीला एक साधं वाक्य सांगायचं तर तिची दातखीळ बसत होती. वाक्य काय, तर मला दिवस गेलेत. आता सांगणारीचं वय सेहेचाळीस आणि ऐकणारी लेक स्वतःच सातव्या महिन्यात. कुठल्या तोंडानं सांगायचं, तुम्हीच सांगा.

तिच्याखेरीज दोघांनाच ठाऊक होतं. एक तिचा नवरा. तो गवंडी, बायकोच्या चित्रांसाठी भिंती तयार करायचा. ऐकल्याबरोबर तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून "तू म्हणशील तसं" एवढं बोलून थापी धुवायला निघून गेला. दुसरी तिची ताई. ताई दवाखान्यात नर्स. ती हसली-बिसली नाही.

"या वयात? लेकीचं बाळंतपण करायचं सोडून स्वतःचंच काढून बसणार? लोक तोंडात शेण घालतील. मोठ्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. गुरुवारी ये, अर्ध्या दिवसात मोकळी होशील."

ताई वाईट नव्हती हो. बहिणीची काळजी तिच्याइतकी कुणालाच नव्हती. पण तो 'मोकळी' शब्द चितारणीला टोचला. पोटातला जीव देवानं सोपवलेला असतो, तो परत पाठवायचा नसतो, हे ती लहानपणापासून मानत आलेली. लेकीनंतर दुसऱ्यासाठी तिनं दहा वर्षं वाट पाहिली होती, पुढे वाट पाहणंही सोडलं होतं. पण मानणं वेगळं आणि जावयासमोर पोट घेऊन फिरणं वेगळं. ताईला तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आणि आज बुधवार होता.

काम चर्चच्या डाव्या भिंतीवर चालू होतं. गवंडी सकाळी त्या दिवसापुरताच चुन्याचा गिलावा चढवायचा आणि तो ओला आहे तोवर चितारीण रंग भरायची. वाळला की रंग भिंतीत मुरला, कायमचा. चुकलं तर पुसायची सोय नाही, गिलावाच खरवडायचा.

चित्र होतं दोघींच्या भेटीचं. तरुण देवमाता, पोटात प्रभू, डोंगर चढून आपल्या नात्यातल्या म्हातारीला भेटायला येते. त्या म्हातारीलाही उतारवयात दिवस गेलेत. देवमातेची हाक कानावर पडते आणि म्हातारीच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं.

कच्चं चित्र पाहूनच हेडसर म्हणाले होते, "पोटं दिसता कामा नयेत. देवाच्या घरात मर्यादा पाहिजे." हेडसर म्हणजे चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"अहो सर, पोटच नसेल तर बाळानं उडी मारायची कुठे?" फादर म्हणाले. हेडसर हसले नाहीत.

मर्यादा चितारणीलाही प्यारी होती. तिच्या चित्रातल्या बायांच्या बाह्या मनगटापर्यंत, डोकी झाकलेली. उगाच अंग दाखवणारी चित्रं पाहिली की तिचं डोकं फिरायचं. काल तिनं देवमाता रंगवली ती जाड झग्यात, पण झग्याच्या घड्या पोटावरून अशा उतरवल्या होत्या की आत कुणीतरी आहे हे आंधळ्यालाही कळावं. हेडसरांनी बराच वेळ पाहिलं, दोनदा खाकरले आणि गेले.

आज पाळी म्हातारीची. आणि हिनं काय करावं? म्हातारीच्या अंगावर शालीचा हा एवढा बोंगा चढवला आणि खाली पोट सपाट ठेवलं. असं का केलं हे तिला चांगलं ठाऊक होतं, फक्त मनाशी कबूल करायचं नव्हतं.

दुपारी लेक जेवणाचा डबा घेऊन आली. बाकावर टेकली, दम खाल्ला आणि वर बघितलं.

"आई, म्हातारीचं पोट कुठंय?"

"शालीखाली आहे की."

"शालीखाली काही नाही. दोन दिवस जेवली नसावी अशी दिसतेय."

"हेडसर म्हणाले झाका."

"हेडसर कालही म्हणाले होते. देवमातेचं किती छान काढलंस. मग या म्हातारीनं काय घोडं मारलंय? एवढी वर्षं देवाकडे मागितलं, आता त्यानं दिलं तर ही लपवत फिरतेय. बिचाऱ्या बाळाला काय वाटेल?"

हातातला ब्रश चितारणीनं पाण्यात टाकला आणि म्हणाली, "अहो, गिलावा काढा."

"सगळा?" गवंड्यानं विचारलं.

"मानेखालचा सगळा. नवा चढवा."

चुन्याची चिमूटसुद्धा वाया न घालवणारा हा माणूस, पण खरवडायला अशा उत्साहानं लागला की लेक बघतच राहिली.

"बघून काढायला कुणीतरी लागेल ना? मी राहते उभी," ती म्हणाली.

"तुझं पोट देवमातेला वापरलं. हिला वयस्कर बाई पाहिजे."

"आणि वयस्कर पोटुशी बाई आणणार कुठून?"

चितारणीनं अंगातला रंगाचा ढगळ डगला काढला. दोन महिने ती त्यातच वावरत होती, घरीसुद्धा. डगला बाकावर ठेवून ती खिडकीच्या उजेडात आडवी वळून उभी राहिली.

लेकीनं आईच्या पोटाकडे बघितलं, मग बापाकडे. बाप मघाशीच साफ झालेली जागा पुन्हा मन लावून साफ करत होता.

"बाबा?"

"चौथा महिना," गवंड्यानं भिंतीलाच सांगितलं.

लेक तोंडावर हात धरून बसून राहिली. आणि मग हसायला लागली, डोळ्यांतून धारा लागल्या तरी हसतच राहिली. "म्हणजे माझं बाळ मोठं आणि त्याचा मामा लहान? भाच्यानं मामाला बोट धरून शाळेत न्यायचं?"

"मावशी पण असेल," गवंडी म्हणाला. आता तो वळला होता.

"आई, भावंडासाठी मी केवढं रडायचे लहानपणी. आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"लाज वाटली गं. ताईनं उद्याची वेळ घेऊन ठेवलीय."

"कसली वेळ?" लेकीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. हसू थांबलं. "तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही."

"मग आता सांग," म्हणत लेकीनं स्वतःचा फोन पुढे केला.

चितारणीनं फोन लावला. "ताई, उद्या मी येत नाही. मला हे मूल हवंय. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे." पलीकडून ताई पाच मिनिटं बोलत होती. शेवटी दमून म्हणाली, "बरं बाई. पण निदान रक्त तपासून घे, बावळट. मीच नेईन."

नवा गिलावा ओला होता तोवर चितारणीचा हात थांबला नाही. म्हातारीची शाल तिनं खांद्यावर सरकवली. झगा जाड, बाह्या लांब, आणि खाली चांगलं गरगरीत पोट. त्यावर म्हातारीचा सुरकुतलेला हात.

संध्याकाळी हेडसर आले. भिंतीकडे बघितलं, मग चितारणीकडे, आणि लगेच नजर खाली घातली. ते रागावणार असं सगळ्यांनाच वाटलं.

"मी झालो तेव्हा माझी आई अठ्ठेचाळीस वर्षांची होती," हेडसर हळूच म्हणाले. "बायका हसतात म्हणून मागच्या दारानं ये-जा करायची. प्रार्थनेलासुद्धा आली नाही तेवढे महिने. मी म्हातारा झालो तरी माझी माफी मागायची, तुझी लाज वाटली होती रे म्हणून." त्यांनी पुन्हा वर बघितलं. "राहू दे हे असंच. तिनं बघायला हवं होतं."

चितारणीला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

घरी जाताना मायलेकी भर रस्त्यानं निघाल्या, मागून गवंडी डबा आणि डगला घेऊन. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी दुकानातूनच लेकीला विचारलं, "कितवा गं?"

"सातवा," लेक म्हणाली.

चितारीण थांबली, पोटावर हात ठेवून दुकानाच्या पायरीपाशी गेली आणि म्हणाली, "आणि मला चौथा. दोघींचं माप घ्या."