अर्ध्या धडांमधली वाट

रबरी गमबुटांची एक काळी जोडी. मागच्या दाराशी, भुशात.

*

अब्राहामाला गाढ झोप लागली होती.

*

"आयुष्यभर टिकेल," शिंपीण म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

*

चेन बिघडलेली पिशवी पलंगाखाली असली की निघायला वेळ लागत नाही. फक्त ती कधी रिकामी करायची नसते.

*

मांसाला आधी घाम येतो. वास नंतर.

*

आता हे सगळं एका माळेत ओवायचं, तर सुरुवात पोरीपासून करावी लागेल.

पोरगी अकरा वर्षांची आणि खाटकाचं घर तिचं चौथं. आधीच्या तिन्ही घरांनी तिला गोड बोलून नेलं आणि नाक मुरडून अनाथ मुलांच्या संस्थेत परत आणून सोडलं. पहिल्या घरी तिने आरसा फोडला होता. दुसऱ्या घरी तिने काहीच केलं नव्हतं, तरी परतच. तेव्हाच तिने मनाशी गाठ मारली: जायचंच असेल तर निदान कारण तरी आपलं असावं. तिसऱ्या घरी तिने कारण दिलं, भरपूर दिलं.

खाटीक देहाने पिंप आणि आवाजाने नगारा. खाली दुकान, वर घर. वरच्या खोलीत त्याची बायको लोकांचे कपडे शिवायची. तिच्या ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे ती जगाशी अर्ध्या तोंडाने बोलायची आणि तेवढं जगाला पुरायचं. खाटीक पोरीला 'सरकार' म्हणायचा. "या सरकार! आज कुणाला फाशी?" पोरगी मात्र त्या दोघांना काहीच म्हणायची नाही. "मीठ पाहिजे," असं ती हवेला सांगायची आणि कुणीतरी मीठ पुढे सरकवायचं.

पहिल्याच दिवशी खाटकाने गमबुटांकडे बोट दाखवलं होतं. "कोल्ड रूममध्ये यायचं तर ते घालून यायचं. फरशी निसरडी असते."

तिने पाय घातले. पाय आत पोहायला लागले. पोरीने एका क्षणात हिशेब लावला: हे बूट दुसऱ्या मुलीचे होते. आपल्याहून मोठ्या मुलीचे. आणि ती मुलगी आता इथे नाही.

ती कुठे गेली, हे तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

*

रविवारी पोरीचा बाप्तिस्मा व्हायचा होता, आणि त्याच उपासनेत खाटकाला शास्त्रपाठ वाचायचा होता. त्यामुळे आठवडाभर तो दुकानात सराव करत होता. ओंडक्यावर एका बाजूला मेंढा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पवित्र शास्त्र.

"अब्राहामाने जनावरं कापली कशाला पण?" पोरीने एकदा विचारलं. ती बुटांतून फटक फटक करत भुसा पसरत होती.

"जुन्या काळची करार करायची रीत, सरकार. जनावराचे दोन भाग करायचे, समोरासमोर ठेवायचे आणि दोघांनी मधून चालत जायचं. म्हणजे काय? मी शब्द मोडला तर माझी अशीच गत होवो."

"दोघांनी?"

"दोघांनी. पण इथे गंमत बघ. कापाकापी अब्राहामाने केली, पाखरं हाकलली आणि ऐन वेळी त्याला लागली झोप. मग धुमसती भट्टी आणि पेटती मशाल, अशा रूपात देव एकटाच मधून गेला."

"आणि अब्राहाम?"

"घोरत पडला होता."

"म्हणजे मोडलं कुणीही, तरी गत देवाची?"

"तसंच दिसतंय."

पोरीने झाडू भिंतीला टेकवला. "हा करार नाहीच. ही फसवणूक आहे."

"कुणाची?"

"देवाची."

खाटकाला इतकं हसू आलं की त्याला सुरा खाली ठेवावा लागला. "अगं, हे जरा चर्चच्या पाळकबाईंना सांग. त्यांना इतकी वर्षं जमलं नाही एवढ्या थोडक्यात."

तो हसला आणि पोरीलाही हसू फुटलं, आणि तिथेच घात झाला. कारण हसताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला इथून जायचं नाहीये. असलं काही एकदा लक्षात आलं की माणसाला झोप लागत नाही. तो मान अब्राहामाचा.

रविवारी चारचौघांत आपली म्हणतील आणि सोमवारी परत करतील. त्यापेक्षा शुक्रवार बरा.

शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद होताना तिने कोल्ड रूमचं बटण बंद केलं, जाड दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून फटीत एक गमबूट खुपसला. मुद्दाम गमबूट. कुणाचं काम आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका राहायला नको.

*

दिवस उन्हाळ्याचे होते.

*

शनिवारी सकाळी खाटकाने मागचं दार उघडलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. नगारा गप्प झाला की त्याच्या वाजण्याहून जास्त धडकी भरते.

पोरगी पिशवी मांडीवर घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. खाटीक तिच्या अंगावरून बादल्या भरभरून मांस बाहेर नेत होता. दर खेपेला एवढंच म्हणायचा, "पाय घे, सरकार."

शिंपीण खाली आली, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "आठवड्याचा माल! अगं, डोकं आहे का खोकं?"

"फोन केला का?" पोरगी पिशवीकडे बघत म्हणाली.

"कुणाला?"

"संस्थेच्या बाईंना. मला न्यायला."

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. पोरीने तिचं अख्खं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "आधी जेवायला चल," शिंपीण म्हणाली. "उपाशीपोटी मला भांडता येत नाही."

आणि जेवणानंतर ती खरंच भांडली. मनसोक्त, भांडी वाजवत. फोन मात्र कुणी केला नाही. पोरगी कपड्यांनिशी झोपली, पिशवी उशाला.

*

रविवार. पोरीच्या अंगात शिंपिणीने शिवलेला पांढरा झगा. खालून हाक आली.

"सरकार! बूट घालून कोल्ड रूममध्ये या!"

कोल्ड रूम घासूनपुसून लख्ख होती आणि पुन्हा घुमत होती. शेजारच्या गल्लीतल्या खाटकाकडून एक मेंढा आणलेला होता, नुकताच सोललेला, मधोमध चिरलेला. एक अर्धं डावीकडच्या आकड्यावर, एक उजवीकडच्या. मध्ये वीतभर वाट. आणि वाटेच्या तोंडाशी, काळ्या सुटात, तेल लावून केस चापून बसवलेला खाटीक.

त्याने एक क्रेट उलटा केला. "बस."

ती बसली.

पिंप वीतभर वाटेतून कसं जाणार? तो आडवा झाला, पोट आत घेतलं, आणि निघाला. डावा खांदा मांसाला घासला, उजवा घासला, चरबी कोटाला लागली, रक्ताचा एक लांब ओघळ बाहीवरून खाली आला. आकडे करकरले. दोन्ही अर्धी झुलली आणि त्याच्या पाठीमागे पुन्हा जवळ आली. तो पलीकडे निघाला, धापा टाकत, लग्नातल्या नवऱ्यासारखा खूश.

"अहो!" दारातून किंकाळी आली. "तो सूट!"

"तूच म्हणाली होतीस, आयुष्यभर टिकेल!"

शिंपीण एकदा त्याच्याकडे बघे, एकदा पोरीकडे. मग म्हणाली, "मग मी काय बाहेरची आहे का?" आणि नवा कोरा पोशाख गुडघ्यापर्यंत उचलून, टाचण्या ओठांत घट्ट दाबून तीही मधून गेली.

पोरगी क्रेटवरून उठली. "आता मी."

"खाली बस!" दोघं एकदम ओरडली.

"पण दोघांनी चालायचं असतं."

"अब्राहाम झोपला होता," खाटीक म्हणाला. "तुला झोपायचं तर झोप. चालायचं नाही."

पोरीने सरकारी आवाज सोडला नाही. "आणि मी परत बटण बंद केलं तर?"

"तर मी अशी बोंब ठोकेन की नदीपलीकडे ऐकू जाईल."

"मग?"

"मग तुला फरशी पुसायला लावेन."

"मग?"

"मग जेवण."

"आणि परत कधी पाठवणार?"

"चाललं कोण?"

"तुम्ही."

खाटकाने लटकत्या अर्ध्याकडे बोट केलं. "मग मोडलं तर अशी गत कुणाची?"

ती बघत राहिली. "तुमची."

"बस्स. मला माझी कातडी प्यारी आहे, सरकार."

*

कपडे बदलायला वेळ नव्हता. खाटकाने चर्चमध्ये तशाच कोटात शास्त्रपाठ वाचला. नगारा असा घुमला की मागच्या बाकावरची तान्ही पोरं रडायला लागली, आणि 'गाढ झोप' या शब्दांवर त्याने मान वर करून सरळ पुढच्या बाकावरच्या पोरीकडे पाहिलं. पाळकबाईंनी पोरीच्या डोक्यावर पाणी ओतलं, ते बर्फासारखं होतं, आणि त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती 'हो' इतक्या जोरात म्हणाली की तिसऱ्या 'हो'ला त्यांनाही हसू आलं.

मग पाळकबाईंनी भाकर उचलली आणि सगळ्यांसमोर तिचे दोन तुकडे केले. हे माझं शरीर. प्याला उचलला. हा नवा करार, माझ्या रक्तात.

पोरीने खाटकाची बाही ओढली. ओली होती. "म्हणजे शेवटी देवालाच कापलं?"

"हो."

"मोडलं दुसऱ्यांनीच?"

"सगळ्यांनी."

"आणि चालला तेव्हा त्याला माहीत होतं?"

"पक्कं."

तिने बाही सोडली. "मग ती फसवणूक नव्हती."

मागच्या बाकावरून एक आजोबा तिच्या कानाशी वाकले. "काय गं, हा रक्ताने माखलेला गडी कोण?"

पोरगी वळली. केसांतून पाणी निथळत होतं. कुजबुजायची ती जागा होती, पण ती कुजबुजली नाही. सगळं चर्च ऐकेल अशा आवाजात, अगदी नगाऱ्यासारखी, ती म्हणाली,

"माझा बाप आहे तो!"

*

गमबूट ती घरी यायच्या आधीच्या शनिवारी विकत घेतले होते. दुकानदाराने माप विचारलं तेव्हा खाटकाने संस्थेने सांगितलेलं माप दिलं, आणि त्याहून दोन नंबर मोठे मागितले.