तार सोलणारी पावशी

मी पावशी बोलतेय. तुमच्याकडे मला विळी म्हणत असतील. लाकडी पाट, त्यावर उभं वाकडं पातं. पाटावर पाय दाबून बाया भाजी चिरतात, ती मी. प्रेमिलाने मला तिरोड्याच्या बाजारातून मुर्री गावी, तिच्या सासरी आणलं. वांगी, भोपळा, लाखोळीची भाजी, सगळं माझ्यावरच चिरलं जायचं.

तिचा नवरा चैतराम भंगाराचं काम करी. घरोघर रंगीत टीव्ही आले, तसे जुने टीव्ही, रेडिओ, पंखे आमच्या अंगणात येऊन पडले. वायरमधलं तांबं काढायला तो वायरी जाळायचा. शेजारी ओरडले, म्हणून त्याने राइस मिलचा भुसा आणून जाळावर टाकला. धूर दबेल असं त्याला वाटलं. भुसा दोन-दोन दिवस धुमसत राहिला. भातालाही प्लास्टिकचा वास येऊ लागला.

प्रेमिला पोटुशी होती. बाळंतपणाला सौंदडला माहेरी निघाली, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाली, "वायर जाळणं बंद नाही झालं, त लेकरू घेऊन मी या घरात येत नाही."

"मंग तांबं कायनं काढू? दातानं?"

"दातानं काढा. पन जाळू नोका."

ती गेली आणि मी कोपऱ्यात गंजत पडले. सौंदडहून निरोप आला, मुलगी झाली. त्या दिवशी चैतराम वायरचं भेंडोळं घेऊन चाकूने सोलायला बसला. चाकू घसरला, बोट कापलं. बोटाला चिंधी बांधता बांधता त्याची नजर माझ्याकडे गेली.

प्रेमिला बसायची तसाच तो बसला. पाय पाटावर, वायर दोन्ही हातांत. पात्यावरून ओढली, तशी शेंगेसारखी चिरली गेली. आत लालबुंद तांबं! भाजीच्या पात्यावर वायर, मला आधी लाजच वाटली. मग पुन्हा कामी आले म्हणून बरं वाटलं.

शेजारचा शालीकराम कुंपणाशी थांबला. "काऊन गा चैतराम, बायको नाही त भाजी चिरून राहिला का?"

"वायर चिरून राहिलो."

"असा चिरशील त एक ढीग दिवाळीवरी पुरन तुले!"

"पुरू दे गा."

महिनाभर तो रोज बसला. भुशाची राख त्याने उचलून टाकली, अंगण सारवलं.

प्रेमिला आली. बाळाला पदराखाली धरून दारातच थांबली. मग आत न येता घरामागे गेली, सगळीकडे हुंगून आली. सोललेल्या सालींचा ढीग पाहून म्हणाली, "एवढं कायनं सोललं?"

चैतरामने भीतभीत माझ्याकडे बोट दाखवलं.

"अगाई, माही पावशी!"

"नवी आनून देतो. इच्यावर आता भाजी नोको चिरू."

ती हसली. आत जाऊन तिने बाळाला खाटेवर ठेवलं. माझाही जीव भांड्यात पडला.

ते बाळ, चंदा, आता शाळेत जाते. माझं पातं झिजून बोटभर उरलंय. स्वयंपाकघर सुटलं, त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या गावात कुणी वायर जाळत असेल, तर त्याला एवढंच सांगा, मुर्रीच्या एका पावशीने हे काम केलंय. वेळ लागतो. पण घरचं माणूस घरी येतं.