दोरीवरचा पाय

डोळ्यांवर काळी पट्टी, गळ्यात दोरीचा फास, एक पाय अनवाणी, छातीची डावी बाजू उघडी. अंगावर धातू चालत नाही म्हणून पट्टाही काढून घेतलेला, त्यामुळं एक हात पँट धरण्यात गुंतलेला. अशा अवस्थेत मी छावणीतल्या फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या लॉजमध्ये बंधुत्व मागायला उभा होतो.

गरज खरीच होती. पैठणहून इथं आल्यावर ओळखी अशा झाल्याच नाहीत. मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला तेव्हा चौकशी फक्त दोघांनी केली: मिहिरनं आणि जेवण पोचवणाऱ्या ॲपनं. ॲपनं आधी.

मिहिर इथला सभासद. त्यानंच माझं नाव सुचवलं. "एक प्रश्न येईल, सम्यक," तो म्हणाला होता. "संकटात विश्वास कुणावर? देवावर म्हणायचं. ती अटच आहे. दुसरं काही बोललास तर घरी."

अडचण अशी, की मी देव मानत नाही. आई सकाळीच फोनवर म्हणाली होती, "कुठं बी जा. पण भिऊन देवाचं नाव घेऊ नको. आपल्या घरात कुणी घेतलं नाय."

माझा दुसरा हात बद्रीनाथकाकांच्या हातात होता. निवृत्त पोस्टमास्तर, नवख्याला आत फिरवणं हे त्यांचं काम. त्यांचा तळवा माझ्यापेक्षा जास्त घामेजला होता. त्यानं धीर येईना.

छातीला टोकदार काहीतरी लागलं. समोर अध्यक्ष, आवाजावरून ओळखलं, म्हणजे माझे दातांचे डॉक्टर.

"दुखणार नाही," ते सवयीनं म्हणाले. दाढेच्या वेळीही असंच म्हणाले होते.

"संकटात तुमचा विश्वास कुणावर?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पंखा घरघरत थांबला. मग जड काहीतरी धाडकन पडलं, खुर्च्या सरकल्या आणि फास आवळला. उत्तराला उशीर झाला की हेच करत असणार, असं मला वाटलं.

"काका," मी कसंबसं म्हणालो, "दोरी."

"लाईट गेली रे. पडदे ओढलेत, डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाय. दोरीवर कुणाचा तरी पाय पडलाय."

"कुणाचा?" अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं. कुणाचाच नव्हता.

"मग सगळ्यांनी उजवा पाय उचला."

अंधारात वीसेक प्रतिष्ठित माणसं एका पायावर डगमगल्याचा आवाज आला. फास तसाच.

"आता डावा."

फास सुटला. कबूल कुणी केलं नाही.

टोक मात्र छातीवरच होतं.

"विश्वास कुणावर?" डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता.

"देवाचं मला जमणार नाही, डॉक्टर. सध्या काकांच्या हातावर आहे."

मग टोक बाजूला झालं.

"नियम आहे," अध्यक्ष हळूच म्हणाले. "यांना बाहेर पोचवा."

मिहिरचा उसासा मी ओळखला.

आतलं बाहेरच्यानं बघायचं नसतं, म्हणून पट्टी तशीच. दार उघडलं. मागं पंखा पुन्हा फिरायला लागला.

"लाईट आली, काका. तुम्ही जा आत. हात सोडला तरी चालेल."

"तुझी कुठं आलीय अजून. पायरी आहे, सांभाळ. अजून एक."

मी पाय चाचपत उतरत होतो. पायऱ्या किती, ते येताना बघितलं नव्हतं. प्रत्येक पायरीला, हीच शेवटची तर नाही ना, आता काकांचा हात सुटणार, म्हणून धडकी भरत होती.