घोडी लावली का?

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. चाक बदलताना गाडीच्या पोटाखाली जो ठेंगणा, जाडजूड लोखंडी गडी बसवतात, तोच मी. आता गॅरेजच्या कोपऱ्यातल्या फळीवर पडून असतो. माझा लाल रंग उडाला आहे, दांडा कोणीतरी दुसऱ्याच कामाला नेला आहे आणि पोटात तेलाचा थेंब नाही. मला सांगण्यासारखी एकच गोष्ट ठाऊक आहे. ती मी अगदी जवळून, गाडीच्या खालून पाहिली आहे.

कारखान्यात ओतीव लोखंड तासून माझे अंग घडवले. पोटात तेल भरले आणि ते बाहेर येऊ नये म्हणून गळ्यात रबराचे सील बसवले. दांडा खालीवर केला की तेल माझी मान वर ढकलते आणि मानेबरोबर गाडी वर येते. खरे तर जोर तेलाचा, पण कौतुक माझे व्हायचे. मीही ते निमूटपणे घेत गेलो.

मला विकत घेणारा मिस्त्री दिसायला माझा भाऊच शोभला असता. ठेंगणा, रुंद, मान ताठ. गंजलेला नट सगळ्यांनी हात टेकल्यावर त्याच्याकडे यायचा आणि मुकाट्याने सुटायचा. गिअरबॉक्स तो छातीवर घेऊन एकटा उतरवायचा. गिऱ्हाइके म्हणायची, मिस्त्री असताना जॅक कशाला लागतो? हे ऐकून आम्ही दोघेही फुगायचो.

पण एका गोष्टीवरून माझे डोके फिरायचे. मिस्त्रीला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाने त्याला एक शिस्त लावली होती. जॅकने गाडी उचलायची, मग तिच्याखाली घोडी लावायची आणि मगच आत शिरायचे. घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी स्टँड. ना तेल, ना दांडा, ना काही करामत. ती नुसती उभी राहायची. घाम मी गाळायचा आणि मिस्त्री जीव टाकायचा तिच्यावर! मला ते फार लागायचे.

दुपारी मिस्त्रीची बायको डबा घेऊन यायची. पाना-हातोडा बाजूला सारून दोघे टेबलावरच जेवायला बसायचे. ती डोळे मिटून प्रभू येशूचे आभार मानायची. मिस्त्रीही रविवारी चर्चला जायचा, पण तिथे त्याचे लक्ष डुगडुगणाऱ्या बाकांच्या पायांकडे असायचे. जेवणापूर्वीची त्याची प्रार्थना घास हातात घेऊनच व्हायची. "प्रभू, मला बळ दे. बाकीचं मी बघतो. आमेन."

"मग त्याला करायला काय उरलं हो?" बायको हसत विचारायची. मिस्त्री जेवायला लागायचा.

पुढे माझे सील झिजले. गळ्याशी तेल पाझरू लागले. मिस्त्रीच्या नजरेला ते आले, पण त्याने फडक्याने पुसले आणि मला पुन्हा कामाला लावले. माझ्यातला जोर ओसरतो आहे हे मला कळत होते. पण जॅकला तोंड असून नसल्यासारखेच.

एका दुपारी एक व्हॅन आली. गिऱ्हाईक घाईत होते. मी व्हॅन उचलली, मिस्त्रीने चाक काढले. घोडी तेव्हा दुसऱ्या गाडीखाली अडकली होती. ती सोडवायची म्हणजे ते काम आधी उरकायला हवे. डबा ठेवता ठेवता बायकोने विचारले, घोडी कुठे आहे? पाच मिनिटांचे काम आहे, असे म्हणत त्याने पायात येणारे चाक वैतागून लाथेने लोटले आणि तो पाठीवर सरकत आत गेला. त्या वेळी मला काय वाटले असेल? आनंद झाला, मित्रांनो. शेवटी त्याने माझ्यावर भरवसा ठेवला होता.

आणि माझे सील फाटले.

मी धाडकन कोसळलो नाही. हळूहळू बसत गेलो. आधी मिस्त्रीचा उजवा हात लोखंडाखाली सापडला, मग व्हॅन त्याच्या छातीला टेकली. "दांडा मार," तो कसाबसा म्हणाला. बायकोने दांडा धरला आणि जिवाच्या आकांताने मारला. प्रत्येक हिसक्याला माझे तेल भळाभळा जमिनीवर सांडत होते. मग तिने व्हॅनला खांदा लावला. व्हॅन हलली नाही. तिने हाका मारल्या, पण दुपारची वेळ, आसपासची दुकाने बंद, मागच्या सुताराच्या यंत्राची घरघर चाललेली. कोणाला ऐकू जाणार?

ती खाली बसली. त्याच्या डाव्या हाताची बोटे तिने धरली.

"अहो, मला काहीच करता येत नाहीये."

मिस्त्री डोळे मिटून होता. मग म्हणाला, "मलाही नाही. त्यालाच सांग."

"प्रभू," ती म्हणाली, "आमच्यात बळ नाही. तू धर."

मी मात्र खाली जातच होतो. मला थांबायचे होते हो. साऱ्या आयुष्यात काही मागितले असेल तर तेवढेच. पण थांबणे माझ्या हातात राहिले नव्हते. आम्ही तिघेही तिथे सारखेच दुबळे होतो.

व्हॅन थांबली. लाथेने लोटलेले ते चाक घरंगळत जाऊन बरोबर तिच्या कडेखाली आडवे पडले होते. व्हॅन त्याच्यावर टेकली. मिस्त्रीच्या छातीवर श्वास जाईल एवढी फट उरली. बायको मागच्या बाजूला धावली, सुतार आणि त्याची माणसे आली, दुसरा जॅक आला आणि मिस्त्री जिवंत बाहेर निघाला.

नशीब बलवत्तर, असे लोक म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "चाक मी ठेवलं नव्हतं. मी त्याला लाथ मारली होती."

हात मात्र वाचला नाही. म्हणजे खांद्याला आहे, पण नुसता लोंबतो. त्याही हातासाठी बायकोने पुष्कळ प्रार्थना केली. तो परत आला नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. जो दुसऱ्यांच्या गाड्या उचलत आला, त्याला कितीतरी महिने बायकोने काखेत हात घालून उठवले. तो भिंतीकडे तोंड करून रडायचा, असे ती आपल्या भावाला सांगताना मी ऐकले.

आता गॅरेज तोच भाऊ, म्हणजे मिस्त्रीचा मेहुणा, चालवतो. मिस्त्री स्टुलावर बसतो. त्याचे काम एकच, गाडी वर गेली की विचारायचे, "घोडी लावली का?" "लावली हो, भाऊजी," मेहुणा कंटाळून म्हणतो. त्याने मला भंगारात काढायचे ठरवले, तेव्हा मिस्त्रीनेच अडवले. कधीतरी तो डाव्या हाताने माझ्यावरची धूळ पुसतो. आम्ही दोघे गळके गडी, एकमेकांना ओळखतो.

दुपारी डबा उघडतो. मिस्त्री आता आधी घास घेत नाही. बायको थांबते, कारण प्रार्थना तोच करतो. बळ मागत नाही. एवढेच म्हणतो, "प्रभू, धरून ठेव. आमेन."

मित्रांनो, अंगात जोर असेल तर जरूर वापरा. माझ्या भाऊबंदांचे तेल बदला, सील पाहत जा, पाझरले तर नुसते पुसू नका. सांगाल ते ओझे आम्ही उचलू. पण आमच्या जोरावर विसंबून कधी आडवे होऊ नका. मला मिस्त्री फार आवडायचा, आणि तरीही मला थांबता आले नाही.