बिनहिंगाची शेव

विजयाला गहू बंद झाला तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. सत्त्याण्णव साल. तीन वर्षं पोट बिघडलेलं, वजन उतरत चाललेलं, शाळेत फळ्यावर लिहिताना हात भरून यायचे. उज्जैनमध्ये कोणी आमांश म्हटलं, कोणी काळजीनं होतं म्हटलं. शेवटी इंदूरच्या एका डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट बघून सांगितलं, "गहू, मैदा, रवा, जव, सगळं आयुष्यभर बंद. औषध एवढंच."

परतताना बसमध्ये तिचा नवरा दिलीप म्हणाला, "माळव्यात राहून गहू बंद, म्हणजे जरा कठीणच आहे."

"कठीण तर गेली तीन वर्षं होतं," विजया म्हणाली.

जेवणाचं तिनं निभावून नेलं. भात होता, ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी होती. अडायचं ते संध्याकाळच्या चहाला. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये कचोरी यायची, टोस्ट निघायचे, आणि ही नुसता कप धरून "भूक नाही" म्हणत बसायची. रोज तेच सांगायचा तिला कंटाळा आला होता.

टावर चौकाजवळ मोहिनीभाभींचं किराणा स्टोअर होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते चालवत. त्या दिवसांत दर आठवड्याला कंपन्यांची नवी नवी पाकिटं येऊन दुकानात लटकायची. विजया एकेक पाकीट उलटं करून त्यावरची बारीक अक्षरं वाचत उभी राहायची. एकदा भाभींनी विचारलंच, "दीदी, इतना क्या पढ़ती हो?"

विजयानं सगळं सांगितलं. भाभींनी ऐकून घेतलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवून समोरचं पाकीट उचललं. "चलो, आज से मैं भी पढ़ूँगी."

तेव्हापासून काउंटरखाली एक खोकं विजयाच्या नावाचं झालं. नवा माल आला की भाभी आधी तो वाचून काढत. गहू-मैदा नसेल तर पाकीट खोक्यात. शनिवारी शाळा लवकर सुटायची, तेव्हा दोघी स्टुलांवर बसून ते फोडायच्या. तांदळाची बिस्किटं आली, ती खाऊन भाभी म्हणाल्या, "ये तो गत्ता है." चव खरंच पुठ्ठ्यासारखी होती. विजया इतकी हसली की तिला ठसका लागला. केळ्याचे वेफर्स दोघींना आवडले. राजगिऱ्याची चिक्की दाताला चिकटायची, तरी संपायची. विजया आता स्टाफरूममध्ये स्वतःची पुडी उघडू लागली.

मग एका शनिवारी भाभींनी गावातच बनलेली शेव काढली. बेसन, तेल, मीठ, मसाले, एवढंच लिहिलं होतं. उज्जैनमध्ये लहानाचं मोठं झालेल्या माणसाला शेवेवाचून जेवण लागत नाही. विजयानं मूठभर खाल्ली, आणि पुढचे चार दिवस अंथरुणावर काढले.

दिलीप दुकानात जुलाबावरची इलेक्ट्रालची पाकिटं घ्यायला गेला, तेव्हा भाभींना कळलं. दोन दिवसांनी भर दुपारी दुकान बंद करून त्या विजयाच्या घरी आल्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "मेरी दी हुई चीज़ थी, दीदी. मैं पूछने गई थी."

शेव बनवणारे रामरतनजी देवास गेटकडे राहत. शेवेत मैदा नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. मग भाभींनी एकेक मसाला विचारला. लाल मिरची, ओवा, लवंग, हिंग. हिंग म्हटल्यावर त्या थांबल्या. त्यांचे मामा हिंगाचे व्यापारी होते. नुसता हिंग फार उग्र, म्हणून त्यात मैदा आणि डिंक घालून डबीतला हिंग बनवतात, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय रामरतनजी त्याच कढईत कचोऱ्याही तळत.

विजया उठून बसली. तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "भाभी, मेरी दाल में तो रोज़ हींग पड़ती है."

सात महिने इतकं पथ्य पाळूनही वजन का चढत नव्हतं, ते आत्ता कळलं. दिलीपनं फोडणीच्या डब्यातली हिंगाची डबी उचलली आणि शेजारी देऊन आला. विजयानं भाभींचा हात धरला.

"अब चाय पिलाओ," भाभी म्हणाल्या.

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. चक्कीत गहू दळतात म्हणून त्यांनी हरभऱ्याची डाळ घरीच मिक्सरवर बारीक केली. रामरतनजींनी सोमवारी सकाळी कढई घासून, नव्या तेलात पहिला घाणा काढला, नुसत्या लवंगेचा आणि मिरचीचा. विजयाला खायची भीती वाटत होती. पहिल्या दिवशी तिनं चमचाभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी दोन चमचे. पोट शांत राहिलं. चौथ्या दिवशी तिनं वरणभातावर शेव भुरभुरली आणि ताट संपेपर्यंत मान वर केली नाही. दिलीप समोर बसून बघत होता.

दिवाळीपर्यंत तिचं वजन पाच किलो वाढलं. मग ती स्वतः रामरतनजींचे आभार मानायला गेली. म्हातारे भट्टीपाशी बसले होते. तिनं वाकून नमस्कार केला, तर त्यांनी घाईनं हात जोडले.

"मेरी माँ को भी रोटी नहीं पचती थी," ते म्हणाले. "मक्का खाती थी, तो घर में सब कहते, नखरे करती है. मैं भी कहता था. सूखकर चली गई. किसी को मालूम ही नहीं था, बहनजी."

विजया त्यांच्या शेजारी पाटावर बसली. "आईचं नाव काय होतं?" असं तिनं मराठीतच विचारलं, आणि त्यांना ते समजलं.

"गेंदाबाई," ते म्हणाले, आणि उशिरापर्यंत तिच्याबद्दल सांगत राहिले.