वळणावरचा हॉर्न

माझ्या दादाने जन्मभर हीच बस चालवली. उतारावरच्या वळणावर तो एक लांब हॉर्न द्यायचा आणि खाली खाडीतली लाँच बसच्या प्रवाशांसाठी थांबायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून नव्या ड्रायव्हरला तो ठाऊक नव्हता.

मी सांगितला, तोही दोनदा. "अहो, वळणावर हॉर्न द्या. शेवटची लाँच आहे. माझा दादा पलीकडच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय."

"ताई, विनाकारण हॉर्न दिला तर वरून बोलणी बसतात," तो म्हणाला. याला आणखी कसलं कारण हवं होतं, देव जाणे.

धक्क्यावर उतरले तेव्हा लाँच खाडीच्या मध्यावर पोचली होती. घसा फुटेस्तोवर ओरडले, पण इंजिनापुढे माझं काय चालणार? पुढची लाँच थेट सकाळी.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "वन्सं, पोचलात का धक्क्यावर? हे सारखं विचारतायत, बस आली का. म्हणतात, हॉर्न ऐकू आला नाही."

खरं सांगायला जीभ रेटेना. ड्रायव्हर मागे येऊन उभा होता. "ताई, चुकलंच माझं."

"मग आता तरी वाजवा."

त्याने जाऊन लांब हॉर्न दिला. फोनवर वहिनी रडता रडता हसली.

"ऐकलं त्यांनी. म्हणाले, आली, आता लाँच सुटली की पोचेलच. दाराकडे डोळे लावलेत बघा."

समोर, खाडीपलीकडे, लाँच काठाला लागत होती.